लाईटचा शो आज आधी लॅपटॉपवर बघतात, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी ते काम पेन्सिलीनं केलं होतं

नागपूरहून भंडाऱ्याच्या रस्त्याला लागलं की कन्हान नदीकाठी मौदा लागतं. तालुक्याचं गाव. बाहेरच्या लोकांना ते माहीत असतं ते एनटीपीसीच्या वीज प्रकल्पामुळे. २३२० मेगावॅट क्षमतेचा हा प्रकल्प.

म्हणजे विजेचा तुटवडा हा इथला विषय नाही. विषय वेळेचा आहे.

गणपती, नवरात्र, लग्नाचा सीझन, दिवाळीनंतरचे मंडईचे दिवस. पूर्व विदर्भात या काळात एकामागून एक कार्यक्रम लागतात. शेजारच्या भंडाऱ्यापासून पुढे झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र रंगतात. लाईटवाल्याच्या हातात जागा येते ती कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी. मंडप उभा राहीपर्यंत संध्याकाळ होते, आणि अंधार पडल्याशिवाय लाईट कसा पडतोय ते कळत नाही. अंधार पडतो तेव्हा पब्लिक येऊन बसलेलं असतं.

मग सराव करायचा कधी?

याचं आजचं उत्तर म्हणजे व्हिज्युअलायझर. लॅपटॉपवरच खोटं स्टेज उभं करायचं, त्यावर खोटे लाईट टांगायचे आणि ते खऱ्या कंट्रोल सॉफ्टवेअरला जोडायचे. बटण दाबलं की स्क्रीनवरच्या स्टेजवर निळा झोत पडतो. शो आदल्या रात्री घरी बसून तयार होतो.

हे तंत्र नवं आहे. पण त्यामागचा विचार, म्हणजे प्रत्यक्ष दिवा पेटवण्याआधी सगळं डोळ्यांनी बघून घ्यायचं, हा महाराष्ट्रात शंभर वर्षं जुना आहे. आणि तो ज्यानं पक्का बसवला त्याच्याकडे ना संगणक होता, ना कॉलेजची डिग्री.

त्यांचं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. सगळा महाराष्ट्र त्यांना कलामहर्षी बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो.

पडदे रंगवणारे दोन भाऊ

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घर कारागिराचं. वडील कृष्णराव यांच्या हातात कसब होतं. सुतारकाम, कोरीवकाम, चित्रं असं सगळं घरातच चालायचं. बाबूराव चित्रकला आणि शिल्पकला शिकले ते असं बघत-बघत, करत-करत.

त्यांच्या जोडीला होते नात्यातले भाऊ आनंदराव. दोघांचं वेड एकच.

तो काळ संगीत नाटकांचा. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी अशा कंपन्यांची चलती होती. नाटक बघायला गेलेला माणूस गाणं ऐकायचाच, पण पडदा उघडल्यावर मागे काय दिसतंय तेही बघायचा. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ. हे सगळं कापडावर रंगवलेलं असायचं.

१९१० ते १९१६ या काळात बाबूराव आणि आनंदराव यांनी असे अनेक पडदे रंगवले. मराठी संगीत नाटक कंपन्यांसाठी आणि पारशी-गुजराती नाटक मंडळ्यांसाठीही. काम इतकं गाजलं की लोक मेस्त्री आडनाव विसरले आणि पेंटर हेच आडनाव झालं.

आता पडदे रंगवण्यात एक गंमत असते. कापड सपाट असतं, पण त्यावर खोल दालन दाखवायचं असतं. त्यासाठी खांबाच्या एका बाजूला उजेड रंगवायचा, दुसऱ्या बाजूला सावली. म्हणजे उजेड कुठून येतो हे चित्रकारानं आधीच ठरवून टाकलेलं असतं. आणि समोर उभ्या नटावर दिव्याचा उजेड पडतो भलत्याच बाजूनं. दोन्ही जुळले नाहीत की राजवाड्याचा भास मोडतो.

उजेड आणि सावली यांचं हे गणित बाबूरावांच्या हातात याच काळात बसलं.

कॅमेरा मिळत नाही? मग बनवू

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तो बघून दोघा भावांना नवं वेड लागलं. आता सिनेमा काढायचा.

अडचण एकच होती. कॅमेरा.

परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता. मग त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रोजेक्टर मिळवला. त्यावर सिनेमे दाखवले आणि त्याच वेळी फिल्म आत कशी सरकते, कशी थांबते, उजेड कुठून जातो हे समजून घेतलं. प्रोजेक्टर फिल्ममधून उजेड बाहेर फेकतो, कॅमेरा बाहेरचा उजेड फिल्मवर घेतो. फिल्म सरकवण्याची रचना दोन्हीत बरीच सारखी. कारागिराच्या पोरांना एवढा धागा पुरेसा होता.

पण १९१६ मध्ये आनंदराव गेले. ऐन तरुणपणी. कॅमेरा अर्धवटच राहिला.

कोणीही इथं थांबलं असतं. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन, एकेक भाग घडवत त्यांनी १९१८ च्या सुमारास कॅमेरा पूर्ण केला. कोल्हापुरात बनलेला, चालणारा सिनेमा कॅमेरा.

याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पैशाची मदत केली गायिका तानीबाई कागलकर यांनी. राजर्षी शाहू महाराजांचाही या धडपडीला आधार होता. कंपनीत दामले होते, फत्तेलाल होते. पुढे व्ही. शांताराम नावाचा एक पोरगाही तिथं कामाला लागला.

आधी कागद, मग कॅमेरा

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये कंपनीचा पहिला सिनेमा ‘सैरंध्री’ लागला. बहुतेक ठिकाणी पुरुषच लुगडं नेसून बायकांची कामं करत होते, तेव्हा या सिनेमात स्त्रियांनी भूमिका केल्या. कीचकवधाचा प्रसंग तर इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि पुढे तो कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

पण इथं मुद्दा वेगळा आहे. हे सगळं इतकं नेमकं जमलं कसं?

बाबूरावांची पद्धत अशी होती की शूटिंगच्या आधी ते प्रसंग काढून घ्यायचे. पात्राचा पोशाख कसा, ते कुठं उभं राहील, हालचाल कशी होईल, हे सगळं आधी कागदावर. आज ज्याला स्टोरीबोर्ड म्हणतात त्याच जातीचं काम. भारतात इतक्या पद्धतशीरपणे हे करणाऱ्या पहिल्या लोकांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

यामागे नुसती कलाकाराची हौस नव्हती. फिल्म महाग होती. एकदा उजेड पडला की ती फिल्म वापरली गेली, आणि सीन फसला हे कळायचं ती धुवून झाल्यावर. आजच्यासारखं मॉनिटरवर बघून पुन्हा घेऊ, असं नव्हतं. आणि चूक कागदावर करायला पैसे पडत नाहीत.

त्यात त्या काळच्या फिल्मचा एक विचित्र स्वभाव होता. तिला लाल रंग नीट दिसत नसे. लाल वस्तू पडद्यावर काळी पडायची आणि निळी वस्तू पांढुरकी दिसायची. समोर सुंदर दिसणारा शालू पडद्यावर डांबरासारखा दिसू शकत होता. म्हणजे डोळ्यांना दिसतंय त्यावर विश्वास ठेवून चालत नव्हतं. पडद्यावर काय दिसेल हे मनात बघावं लागायचं.

दुसरा मोठा बदल केला तो सेटमध्ये. ज्या माणसाचं नाव रंगवलेल्या पडद्यांनी झालं, त्यानंच सिनेमातून रंगवलेला पडदा हटवला. सपाट कापडाच्या जागी खोली असलेले, माणूस आत वावरू शकेल असे सेट उभे केले. कारण साधं होतं. रंगवलेली सावली हलत नाही, आणि खऱ्या खांबाची सावली दिवा हलवला की हलते.

सिंहगडावरची रात्र

आणि मग दिव्याची गोष्ट आली.

सुरुवातीचे सिनेमे उन्हात काढायचे. स्टुडिओला छप्पर नसायचं. वर पांढरं कापड ताणून ऊन मऊ करायचं, पांढऱ्या किंवा चकचकीत फळ्यांनी ते चेहऱ्यावर वळवायचं. दिवा म्हणजे सूर्य. ढग आले की काम बंद.

१९२३ साली बाबूरावांनी ‘सिंहगड’ काढायला घेतला. तानाजी रात्री कडा चढून गेला होता. रात्रीची लढाई भर दुपारच्या उन्हात दाखवायची कशी?

बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला. भारतीय सिनेमात अशा प्रकाशाचा पहिला मोठा वापर म्हणून ‘सिंहगड’चं नाव घेतलं जातं. आर्क दिवे लावून रात्रीचे प्रसंग घेतले गेले. आर्क दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर आणायच्या आणि मधल्या फटीत विजेची ठिणगी सतत पेटती ठेवायची. उजेड डोळे दिपवणारा. पण कांड्या जळून आखूड होत जातात, फट वाढते आणि दिवा फडफडायला लागतो. त्यामुळं माणूस शेजारी उभा ठेवावा लागतो.

आज मूव्हिंग हेड लाईट एका बटणावर मान वळवतो. तेव्हा दिव्याची मान वळवायची तर माणूसच लागायचा. त्यामुळं कोणता दिवा कुठं, किती उंचीवर, कुणाच्या मागे, हे आधीच ठरलेलं असणं ही चैन नव्हती, गरज होती.

या सिनेमात शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः बाबूरावांनी केली आणि शेलारमामा झाले शांताराम. सिनेमाला इतकी गर्दी झाली की सरकारचं लक्ष सिनेमाच्या उत्पन्नाकडे गेलं आणि करमणूक कर आला, असंही सांगितलं जातं.

आता हेच लॅपटॉपवर कसं चालतं?

आजच्या लाईटवाल्याचं काम आणि बाबूरावांचं काम यात सांधा नेमका कुठं आहे, ते बघू.

स्टेजवरचे बहुतेक लाईट डीएमएक्स ५१२ नावाच्या भाषेवर चालतात. ही पद्धत १९८६ साली अमेरिकेत ठरली. एका ओळीत ५१२ चॅनेल, प्रत्येक चॅनेलला ० ते २५५ मधला एक आकडा. या ५१२ च्या गठ्ठ्याला युनिव्हर्स म्हणतात. एखाद्या मूव्हिंग हेडला १६ चॅनेल लागत असतील, म्हणजे एक आकडा उजेडाचा, एक रंगाचा, एक मान वळवायचा वगैरे, तर एका युनिव्हर्समध्ये असे ३२ लाईट बसतात.

कंट्रोल सॉफ्टवेअर हे आकडे सोडतं. खऱ्या लाईटला ते आकडे मिळाले की तो हलतो. व्हिज्युअलायझर तेच आकडे घेतो आणि लाईट कसा हलला असता ते चित्रात दाखवतो.

जोडणी बहुतेक वेळा नेटवर्कवरून होते. आर्ट-नेट ही त्यासाठीची एक प्रचलित पद्धत. दोन लॅपटॉप असतील तर नेटवर्कच्या केबलनं जोडायचे आणि दोघांचे आयपी पत्ते एकाच रांगेतले ठेवायचे. कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये आर्ट-नेट बाहेर सोडायला सांगायचं, व्हिज्युअलायझरमध्ये आत घ्यायला सांगायचं.

इथंपर्यंत सोपं वाटतं. लोक अडकतात ते पुढच्या चार गोष्टींत.

एक, युनिव्हर्सचा नंबर. काही सॉफ्टवेअर ० पासून मोजतात, काही १ पासून. इकडचा १ म्हणजे तिकडचा ०. सगळं बरोबर असूनही स्क्रीन काळी राहते ती बऱ्याचदा यामुळंच.

दोन, पत्ता. प्रत्येक लाईटचा सुरुवातीचा चॅनेल दोन्हीकडे एकच हवा.

तीन, मोड. एकच लाईट १६ चॅनेलवरही चालतो आणि २४ वरही. एकीकडे १६ आणि दुसरीकडे २४ निवडलं की रंग मागितल्यावर मान वळते.

चार, लॅपटॉपची फायरवॉल. ती आकडे दारातच अडवते.

म्हणून आधी एकच लाईट लावून बघायचा. तो पेटला, हलला, रंग बदलला की मग बाकीचे जोडायचे.

आणि एक गोष्ट व्हिज्युअलायझर कधीच सांगत नाही. मंडपाचा पाईप वाकडा आहे, समोरच्या हॅलोजनचा उजेड स्टेजवर येतोय, वारा सुटलाय म्हणून धूर टिकत नाहीये, हे त्याला कळत नाही. स्क्रीनवरचं स्टेज नेहमी सरळ असतं. शेवटचा हात जागेवरच फिरवावा लागतो.

बाबूरावांचंही तेच होतं. कागद पूर्ण असायचा, पण दिवा पेटल्यावर पुन्हा डोळा लागायचा. तो डोळा तयार झाला होता पडदे रंगवून.

नुसता देखावा नाही

इथवर वाचून वाटेल की बाबूराव म्हणजे भव्य देखाव्यांचा माणूस. पण १९२५ साली त्यांनी जे केलं ते अगदी उलट होतं.

नारायण हरी आपटे यांच्या कथेवर त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या फसवणुकीत जमीन गेलेला एक शेतकरी आणि शहरात गिरणीत राबायला गेलेलं त्याचं आयुष्य. शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. देव नाहीत, राजे नाहीत, लढाई नाही.

पुराणातल्या चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांना हे झेपलं नाही. सिनेमा चालला नाही. पण भारतातल्या वास्तववादी सिनेमाची सुरुवात सांगताना आज पहिल्यांदा याच सिनेमाचं नाव येतं.

त्याआधीच्या ‘कल्याण खजिना’ला इंग्लंडमध्ये वेम्बलीच्या प्रदर्शनात पदक मिळालं होतं. त्याचं पोस्टरही बाबूरावांचंच. भारतातल्या सिनेमाच्या चित्रमय पोस्टरचा इतिहास त्यांच्यापासूनच सांगतात. म्हणजे सिनेमा बनवण्याआधी तो कागदावर, आणि बनल्यावर लोकांपर्यंत पोचवायलाही कागदच.

शिष्य पुढे गेले, गुरू मागे राहिले

१९२९ साली महाराष्ट्र फिल्म कंपनीला मोठा धक्का बसला. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. कोल्हापुरातच.

ज्यांच्या हाताला धरून कॅमेरा, सेट, दिवा शिकवला तेच गेले. काही काळानं महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली.

प्रभात पुढे पुण्याला गेली. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. प्रभातच्या त्याच जागेवर आज पुण्याची एफटीआयआय आहे. तिथं शिकणाऱ्या पोरांना प्रकाशयोजना शिकवली जाते. त्या धाग्याचं दुसरं टोक कोल्हापुरात बाबूरावांच्या हातात आहे.

बाबूराव नंतर पूर्ण थांबले असं नाही. १९३६ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला, या वेळी बोलपट म्हणून. त्यातलं एक दृश्य निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या मनात कायमचं राहून गेलं. अंधूक उजेडातली एक उदास झोपडी आणि कुत्र्याचं रडणं. बाकी काहीच नाही. आर्क दिव्यांनी सिंहगड उजळवणाऱ्या माणसाला दिवे कमी कधी करायचे तेही कळत होतं.

१९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’च्या वेळी ते आणि शांताराम पुन्हा एकत्र आले. १९५२ साली त्यांचा ‘विश्वामित्र’ आला. पण सिनेमाचा धंदा आता त्यांच्या हातातून निसटला होता. ते चित्रकला आणि शिल्पकलेकडे वळले होते. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

काय उरलं?

वाईट गोष्ट अशी की बाबूरावांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज बघायला मिळत नाहीत. ‘सैरंध्री’ नाही, ‘सिंहगड’ नाही, मूळचा ‘सावकारी पाश’ही नाही. त्या काळची फिल्म पटकन पेट घ्यायची आणि सडायचीही लवकर. त्यात तिच्यातल्या चांदीसाठी जुनी रिळं विकली जायची. ‘मुरलीवाला’सारख्या मोजक्या सिनेमांचे तुकडे तेवढे उरले.

म्हणजे ज्या रात्रीसाठी त्यांनी आर्क दिवे पेटवले, ती रात्र आता कुणालाच दिसणार नाही. ती ज्यांनी पाहिली त्यांच्याबरोबरच गेली.

लाईटच्या धंद्याचं तसं कायमच असतं. शो संपला की मेन स्विच खाली येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप सोडताना तिथं काल काय दिसत होतं याची खूण राहत नाही. उरते ती शो फाइल. पुढच्या गावी ती उघडायची, लाईटची जागा बदलायची आणि पुन्हा बघायचं.

बाबूरावांकडे शो फाइल नव्हती, पण पद्धत होती. आधी बघा, मग पेटवा. ती दामल्यांकडे गेली, फत्तेलालांकडे गेली, शांतारामांकडे गेली.

मौद्यात उद्या संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी कुणी आज रात्री घरात लॅपटॉप उघडून बसला असेल, युनिव्हर्सचा नंबर ० की १ यावर डोकं खाजवत असेल, तर त्याला हे नाव माहीत असायला हवं. रात्री तो जे करतोय ते कोल्हापुरातल्या एका मेस्त्रीनं, विजेचा दिवा हीच नवलाई असण्याच्या काळात, नुसत्या पेन्सिलीनं करून दाखवलं होतं.